माझ्या हातची हरकत

"टायपिंग नको," मी म्हणाले. "टाइप केलेला अर्ज साहेबलोक चाळतात आणि बाजूला ठेवतात. हातचं अक्षर दिसलं की थांबून वाचतात."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, बाई," पिसाळ सर म्हणाले आणि त्यांनी कोरे ताव माझ्यापुढे सरकवले.

पिसाळ सर आमच्या शिक्षक कॉलनीचे अध्यक्ष. त्या रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात पंधरा-वीस जण जमले होते, निम्मे निवृत्त, निम्मे माझ्यासारखे अजून नोकरीत असलेले. या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. कॉलनीच्या टोकाला मुतालिक वकिलांचा बंगला होता. वकील मुलाकडे बंगळूरला गेले आणि जाताना बंगला एका संस्थेला देऊन गेले. संस्थेला तिथे आठ बायकांना ठेवायचं होतं. मनोरुग्णालयात बऱ्या झालेल्या, पण घरचं कुणी न्यायला येत नाही अशा बायका. राहत्या बंगल्यात असं काही चालवायचं तर नगरपरिषदेची परवानगी लागते. म्हणून नगरपरिषदेने नोटीस लावली होती की कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवावी.

हरकत सगळ्यांचीच होती.

"लिहा, आपल्या मुली संध्याकाळी त्याच रस्त्याने क्लासला जातात."

"उद्या त्यातल्या एखादीने आडात उडी टाकली, म्हणजे पोलीस आपल्या दारात."

"आणि प्लॉटची किंमत? ती पण घाला की."

"ती नको," पिसाळ सर म्हणाले. "ते बरं दिसत नाही."

मी लिहीत होते. मी मराठीची शिक्षिका. कॉलनीच्या फलकावरची प्रत्येक सूचना माझ्या हातची, हळदीकुंकवाच्या बोलावण्यापासून पाण्याच्या वेळापत्रकापर्यंत. लोक कामासाठी नाही, तर अक्षरासाठी फलकाशी थांबतात असं पिसाळ सर म्हणायचे आणि मला ते आवडायचं. त्या दिवशीही सगळ्यांचं ओबडधोबड बोलणं मी अर्जाच्या भाषेत बसवत होते आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. तिसरा मुद्दा तर सर्वस्वी माझाच. 'सदर स्त्रियांना स्वतःचे भान नसल्याने त्या आपल्या कृत्यांस जबाबदार राहू शकत नाहीत.'

मी तो वाचून दाखवला तेव्हा पिसाळ सरांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात भाषा."

मीही हसले. ते मी लपवणार नाही.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. माझ्या स्वरूपाचं तेव्हा पिसाळ सरांच्या भाच्याशी जमत आलं होतं. मुलगा पुण्याला इंजिनिअर, मुलीला पसंत, आम्हाला पसंत. पाहणं झालं होतं, बैठक व्हायची होती. त्यामुळे सरांचा अर्ज चांगला व्हावा असं मला जरा जास्तच वाटत होतं.

त्रेचाळीस सह्या झाल्या. माझी अठ्ठाविसावी.

सुनावणीची तारीख पडली. त्याआधी संस्थेची फाइल बघून या, काही कच्चं सापडतंय का पाहा, असं सरांनी मलाच सांगितलं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी नगरपरिषदेत गेले. कारकून माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने फाइल काढून दिली, पंखा लावला आणि चहा सांगितला.

फाइलमध्ये बंगल्याचा नकाशा होता, संस्थेची नोंदणी होती, डॉक्टरांचे दाखले होते. शेवटी आठ बायकांची यादी. नाव, वय, शिक्षण, रुग्णालयात किती वर्षं. मी बोटाने ओळी बघत खाली येत होते. चौथी ओळ आली. शालन यशवंत निकम, वय बावन्न, जुनी अकरावी, सतरा वर्षे.

यशवंत निकम हे माझ्या वडिलांचं नाव.

मी चहाचा कप खाली ठेवला. 

शालन माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिची दोन मुलं जन्मताच गेली आणि दुसऱ्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी बोलू लागली. सासरच्यांनी तिला माहेरच्या एस.टी.त बसवून दिलं. आमच्या भावाने, विलासदादाने, वर्षभर सांभाळलं आणि मग माहेरच्या नावाने नेऊन भरती केलं. मी तिला तीनदा भेटले. पहिली काही वर्षं मी दिवाळीला याच गावातून पत्र पाठवायचे. मग आम्ही कॉलनीत राहायला आलो, शेजारच्यांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघंच भावंडं असं मी सांगून बसले, आणि पत्रही थांबलं. पाच वर्षांपूर्वी दादा म्हणाला होता, ती बरी झालीय, घेऊन जा म्हणतात. मी म्हणाले, यंदा स्वरूपाची बारावी आहे. पुढच्या वर्षी दादाने विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

"बाई, सापडलं का काही?" कारकुनाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. फाइल मिटताना वरच्या पानावरचा शेरा दिसला. हरकत अर्जाची प्रत संस्थेस दिली. खाली तारीख, चार दिवसांपूर्वीची.

जिना उतरताना त्या शेऱ्याचा अर्थ डोक्यात शिरला. अर्जाची प्रत म्हणजे माझ्या अक्षराची प्रत.

मला लिहायला आक्काने शिकवलं होतं. मी पाच वर्षांची, ती अकरा. घराच्या उंबऱ्यावर ती मला पुढ्यात घेऊन बसायची आणि माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवून पाटीवर हात फिरवायची. कागद आला तेव्हा तो उजवीकडे जरा तिरका ठेवायला तिनेच शिकवलं. "आधी अक्षरं, मग रेघ," असं ती म्हणायची. शब्द पुरा लिहायचा, मग एका दमात वरची रेघ मारायची आणि शेवटी ती केसभर वर उचलायची. शाळेत आमच्या दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या तर गुरुजींनाही कोणती कुणाची ते सांगता यायचं नाही.

संध्याकाळी मी मेथी निवडत होते. स्वरूपा मैत्रिणीकडे गेलेली. ह्यांना मी सगळं सांगितलं. ह्यांना आक्काचं माहीत होतं, बाहेर माहीत असलेले तेवढे एकच.

"नाव सारखं असेल," हे म्हणाले.

"वडिलांचंही?"

हे माझ्यासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "ती तुला ओळखणार कशावरून? बारा वर्षं झाली तुला पाहून. त्रेचाळीस सह्यांतली एक तुझी."

"अक्षरावरून."

"अक्षरावरून कोण ओळखतं, हेमा?"

"आक्का ओळखेल."

ह्यांनी माझ्या पुढ्यातली जुडी ओढून घेतली आणि स्वतः निवडायला लागले. निवडत कसले, पानंही देठांत टाकत होते. "हे बघ, मला काही ती नको झालेली नाही. पण महिनाभर थांब. बैठक होऊ दे, साखरपुडा होऊ दे. घराण्यात वेड आहे म्हटल्यावर पिसाळांची बहीण उंबरा चढेल का आपला? नंतर आपण दोघं जाऊ, तिला साडीचोळी करू."

"परवानगीच नाही मिळाली तर जाणार कुठे? त्या आठही जणी परत रुग्णालयात जातील."

हे निवडत राहिले.  मी अर्ज मागे घेते म्हटलं तर सर विचारणार, का? सही एकट्याने काढून घेता येते, पण अक्षर कसं काढून घ्यायचं? सुनावणीला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी सातवीच्या वर्गात एकच धडा दोनदा शिकवला आणि मुलींनीही सांगितलं नाही. फाटक वाजलं की मी खिडकीशी जायचे. वाटायचं, ती पत्ता काढून येईल. पिसाळ सरांच्या व्हरांड्यात कुणी बसलेलं दिसलं की वाटायचं, झालं, कळलं. एकदा मी मुतालिकांच्या बंगल्यापर्यंत चालत गेले. कुणीतरी अंगण झाडून घेतलं होतं आणि आठ प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी तिथून जवळजवळ पळतच आले.

सुनावणी मंगळवारी अकरा वाजता, नगरपरिषदेच्या वरच्या सभागृहात. आजारी पडावं असं मनात आलं होतं, पण सर सकाळीच स्कूटरवर दारात हजर. "अर्ज तुमचा, बाई. तुम्ही नाही म्हणजे कसं?"

कॉलनीतली तिसेक माणसं एका बाजूला बसली. दुसऱ्या बाजूला तिघीच होत्या. एक संस्थेच्या वायदंडे मॅडम, तिशीतल्या, हातात फाइल घट्ट धरलेल्या. त्यांच्याशेजारी आठ जणींपैकी जैबुन नावाची एक म्हातारी. आणि आक्का.

केस कापून बारीक केलेले, सगळे पांढरे. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. फिक्या हिरव्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती ताठ बसली होती. तिने आमच्या बाजूला एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं. नजर माझ्यापर्यंत आली आणि न थांबता पुढे गेली. मला हायसं वाटलं. 

मुख्याधिकारी तरुण होते, नवीनच आलेले. त्यांनी आमचा अर्ज समोर उघडून ठेवला. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. पिसाळ सर माझ्याकडे बघून हसले.

पहिल्या दोन मुद्द्यांवर थोडी बोलाचाली झाली. रस्ता, कुंपण, रात्री कोण थांबणार. वायदंडे मॅडमनी शांतपणे उत्तरं दिली. तिसरा मुद्दा साहेबांनी मोठ्याने वाचला. माझं वाक्य, माझ्या विरामचिन्हांसकट. आक्का खाली बघत होती.

"साहेब, भान नसतं तर डॉक्टरांनी सोडलं असतं का?" वायदंडे मॅडम म्हणाल्या. "शालनताई इथे बसल्यात. रुग्णालयातल्या बायकांची पत्रं, अर्ज सगळं त्याच लिहून देतात. आम्ही हरकतीला दिलेलं उत्तरही त्यांनीच सांगितलंय, मी फक्त टाइप करून आणलं."

"टाइप केलेलं कुणीही सांगितलं म्हणेल," पिसाळ सर उठून म्हणाले. "आम्ही काही शत्रू नाही त्यांचे. पण एवढं शहाणपण असेल तर साहेबांसमोर चार ओळी लिहू देत. आमचा अर्ज हातचा आहे. जगदाळेबाई, जरा उभ्या राहा. या आमच्या बाई, यांनी लिहिलाय."

मी उभी राहिले. आक्काने मान वर केली नाही.

साहेबांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "बाई, तुम्हाला या घरात का राहायचंय, ते लिहाल? दोन ओळी पुरेत."

आक्का खुर्ची टेबलाजवळ ओढून बसली. तिच्या कागदाला लागूनच माझा अर्ज उघडा होता. ती लिहिणार, दोन्ही कागद शेजारी असणार आणि वर्षानुवर्षं माझं अक्षर फलकावर वाचणारी तिसेक माणसं ते बघणार.  पिसाळ सरांचा चेहरा दिसला, त्यांच्या बहिणीचा दिसला, स्वरूपाचा दिसला. आणि मी मनात म्हणाले, देवा, हिला लिहिता येऊ नये. सख्ख्या बहिणीसाठी मी मागितलेलं मागणं हे असं होतं.

आक्काने उजव्या हातात पेन घेतलं. कागद उजवीकडे तिरका केला. मग ती एक क्षण माझ्या अर्जाकडे बघत राहिली. तिने कागद सरळ केला आणि पेन डाव्या हातात घेतलं.

ती लिहू लागली. लिहू कसली, एकेक अक्षर ढकलत होती. रेघ एकीकडे, अक्षरं दुसरीकडे, काना वाकडा, वेलांटी शब्दाबाहेर. पिसाळ सर पुढे झुकून बघत होते. त्यांनी मोठ्याने वाचलं. "मला येथे राहायचे आहे. येथे." तिथे पेन अडलं.

मागे कुणीतरी हसलं. "दुसरीतलं पोर बरं," पाठीमागून आवाज आला.

"शालनताई, असं काय करताय?" वायदंडे मॅडम गोंधळून गेल्या होत्या.

"हात चालत न्हाई," आक्का म्हणाली. बारा वर्षांनी मी तिचा आवाज ऐकत होते.

साहेबांनी तिसऱ्या मुद्द्यासमोर समासात काहीतरी टिपून घेतलं. पिसाळ सर सुटकेचा श्वास टाकून बसले. माझं मागणं पुरं झालं होतं. आता मी फक्त खाली बसायचं होतं. दाराबाहेर स्कूटर होती, घरी बैठकीची तयारी होती. अंगणातल्या आठ खुर्च्या परत जाणार होत्या आणि मला कुणी काही विचारणार नव्हतं.

मला बसता येईना.

"साहेब, ती उजव्या हाताने लिहिते," मी म्हणाले. आवाज वर्गात निघतो तसा निघाला.

"तुम्हाला काय माहीत?"

माझ्याआधी आक्काच बोलली. माझ्याकडे न बघता. "ह्या बाईंना मी वळखत न्हाई, सायेब."

मला रडू फुटलं. नऊ दिवस आलं नव्हतं ते त्या वाक्याने आलं. "मला लिहायला हिने शिकवलं, साहेब," मी म्हणाले. "माझी सख्खी थोरली बहीण आहे ही."

 पिसाळ सरांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांनी मला मागे फिरायला वाट करून दिली. हळू आवाजात ते म्हणाले, "बाई, बसा. तुमची काहीतरी गल्लत होतेय."

"गल्लत तिसऱ्या मुद्द्यात झाली, सर," मी म्हणाले आणि खुर्च्यांमधून वाट काढत टेबलापाशी गेले.

आक्काच्या मुठीत पेन तसंच होतं. ती पुटपुटली, फक्त मला ऐकू येईल असं. "गप बसायचं हुतंस की, हेमे. तुला हितंच ऱ्हायचं हाय."

"तुला बी," मी म्हणाले. घरची बोली कित्येक वर्षांनी तोंडात आली.

पुढचं आधीच सांगून टाकते. परवानगी दोन महिन्यांनी आली, पहिल्यांदा एका वर्षासाठी, बऱ्याच अटींसह. बैठक झालीच नाही. पिसाळ सरांच्या बहिणीचा निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, जमत नाही. स्वरूपा माझ्याशी महिनाभर बोलली नाही. मग एका रविवारी मला न सांगता मुतालिकांच्या बंगल्यावर गेली आणि मावशीकडे जेवून आली. तिचं लग्न पुढे झालं, तीन वर्षांनी, सगळं ठाऊक असलेल्या घरात. कॉलनीच्या फलकावर लिहायला मात्र मला परत कुणी बोलावलं नाही.

आणि त्या दिवशी सभागृहाबाहेर वायदंडे मॅडमनी मला एक गोष्ट सांगितली. संस्थेची तीन गावांत तीन घरं होत होती. बाकी सगळ्या बायकांना गावं संस्थेनेच वाटून दिली होती. एकट्या आक्काने हेच गाव मागून घेतलं होतं. तिथे तुमचं कुणी आहे का, असं विचारलं तर नाही म्हणाली होती. हरकतीची प्रत आली त्या दिवसापासून ती दोन दिवस जेवली नव्हती, आणि का ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं नंतर. तेव्हा मी टेबलापाशी उभी होते आणि साहेब तिला म्हणत होते, "बाई, नवा कागद देऊ का?"

आक्काने मान हलवली. तिने तोच कागद उजवीकडे तिरका केला, पेन उजव्या हातात घेतलं आणि डाव्या हाताने जिथे अडली होती त्या वेड्यावाकड्या 'येथे'च्या पुढे, आधी अक्षरं, मग रेघ, अशी ओळ पुरी केली.

'माझी बहीण राहते.'